पुढच्या पोराचं देणं

टाटांच्या टेल्को कंपनीची गोष्ट मामा गाड्यांपासून कधीच सुरू करत नसत. त्यांची सुरुवात पोरांपासून व्हायची. 1966 साली कंपनी पिंपरीच्या माळावर आली आणि पुण्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली ती 1977 मध्ये. मधल्या वर्षांत तिथे साचे, अवजारं आणि माणसं घडत होती. माणदेशातून आलेले, कानस चालवून हाताला घट्टे पडलेले मामा त्यांतलेच एक अॅप्रेंटिस. “आधी आमाला घडवलं, मग गाडी,” हे वाक्य ते ताठ बसून म्हणायचे. कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर स्वतः लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकून आलेले. त्यांनी त्या उजाड जागेवर झाडं लावून घेतली, याचंही मामांना भारी अप्रूप होतं.

त्यांच्या खात्यात परदेशी शिकून आलेले एक इंजिनिअर साहेब होते. टाटांच्या फंडातून गेलेले. पगार झाला की ते त्यातली काही रक्कम फंडाला परत पाठवायचे. एवढ्या मोठ्या घराण्याला या हप्त्यांची काय गरज, असं मामांनी एकदा धीर करून विचारलं. साहेबांचं उत्तर मामा आपल्या बोलीत सांगत: “ते पैसं टाटाकडं न्हाई जात, बाय. मागनं जो पोरगा जानार, त्याच्यासाठी जात्यात.”

पुढे मी वाचलं तेव्हा मामांचा शब्द खरा निघाला. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये हा निधी सुरू केला, तो परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देणारा. आधी तो पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. 1894 पासून सगळ्या भारतीय मुलामुलींसाठी खुला झाला. पहिल्या विद्यार्थ्यांत फ्रेनी कामा ही डॉक्टर स्त्री होती. 1924 पर्यंत आयसीएसमध्ये गेलेल्या दर पाच भारतीयांपैकी दोघे टाटांचे विद्यार्थी होते, असं सांगितलं जातं. केरळातल्या गरीब घरातले के. आर. नारायणन याच निधीच्या आधाराने लंडनला शिकले आणि पुढे राष्ट्रपती झाले. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर 1957 मध्ये केंब्रिजला गेले, तेही टाटा शिष्यवृत्तीवर; परतल्यावर त्यांनी पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली.

शिष्यवृत्तीची दुसरी गोष्ट मामींच्या वडिलांची, म्हणजे आमच्या आजोबांची. ते देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होते. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, त्या गर्दीत ते होते. आम्हां मुलांना ते त्या दिवसाची हकिकत सांगत, आणि तिथून मागे 1913 मध्ये जात. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोचले. बदल्यात संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. तो पाळायला ते 1917 मध्ये बडोद्याला गेले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला जातीमुळे त्या शहरात राहायला जागा मिळेना. 1920 मध्ये लंडनचं अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते पुन्हा तिकडे निघाले. तेव्हा शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेलं कर्ज होतं. आजोबा इथे थांबत आणि म्हणत, “पैका देनाऱ्यानं पोरगं परत आल्यावर त्याला कुटं बसवायचं, हेबी बगाया पायजे.” फी भरून मोकळं होणाऱ्या प्रत्येक दात्याने हे वाक्य ऐकावं, असं मला आजही वाटतं.

पुण्याजवळच्या चाकणला आमच्या पिढीने कांद्याचा बाजार आधी पाहिला आणि कारखाने नंतर. 2010 मध्ये तिथे महिंद्रांचा मोठा प्रकल्प सुरू झाला. या घराण्यातले कैलासचंद्र महिंद्रा केंब्रिजला शिकलेले. त्यांनी 1953 मध्ये शिक्षणासाठी ट्रस्ट काढला. 1956 पासून तो परदेशी पदव्युत्तर शिक्षणाला बिनव्याजी कर्ज देतो. त्याच ट्रस्टने 1995 मध्ये पॉलिटेक्निकच्या गरजू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली आणि पुढच्याच वर्षी गरीब घरच्या मुलींच्या शाळेसाठी ‘नन्ही कली’. एकाच घराण्याच्या पैशातून कुणी परदेशी विद्यापीठात जातो, कुणी डिप्लोमा करतो आणि कुणी मुलगी दहावीपर्यंत शाळेत टिकते. मला यातला डिप्लोमा फार मोलाचा वाटतो. या पट्ट्यात लेथवर, सीएनसीवर, पेंट शॉपमध्ये उभी असलेली बहुतेक मुलं आयटीआय नाहीतर डिप्लोमातून आलेली असतात. त्यांच्यातल्या हुशार मुलाला पुढची पायरी दिसते, पण फीपाशी पाय अडतो.

मामा निवृत्त झाल्यावर दरवर्षी एका मुलाची फी भरत. चेक देण्याआधी ते त्याच्या खोलीवर जात, मेस कुठे आहे विचारत, गणित कच्चं असेल तर शिकवणी लावून देत. पावती घेत नसत, शब्द घेत: कमावता झालास की मागच्या पोराला हात दे. ते गेल्यावर आम्ही भावंडांनी हे काम पुढे चालवलं. सगळ्यांनीच शब्द पाळला असं नाही. पण पाळणारा एक जण नंतर जर्मनीत शिकायला गेला, आणि आता तो गावाकडच्या दोन मुलींच्या वसतिगृहाचे पैसे पाठवतो.

आज चाकण, महाळुंगे, भोसरीत कंत्राटी कामगारांची बिऱ्हाडं दाटली आहेत. लातूर-बीडहून, बिहारहून आलेली ही माणसं आपल्या गाड्या बनवतात, आणि त्यांची मुलं आपल्याच गावच्या शाळांत बसतात. मोठी घराणी सगळ्यांपर्यंत पोचणार नाहीत. पण ज्या घराला या उद्योगपट्ट्याने दोन पिढ्या पगार दिला, त्याला एका मुलाची तीन वर्षं सांभाळणं जमण्यासारखं आहे. त्याचं नाव ठाऊक असावं, मार्क ठाऊक असावेत, आणि फेड आपल्याकडे मागू नये. पुढच्या मुलाकडे पाठवायला सांगावी.