ना धड डॉक्टर, ना धड इंजिनिअर?

बारावीनंतर बायोमेडिकल सायन्सला प्रवेश घेतला म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे डॉक्टर होणार नाहीस?’ प्राध्यापकांच्या खोलीत हाच आक्षेप भारदस्त होतो: आधी एक विषय पक्का करावा, मग दुसऱ्यात डोकवावं. पदवीलाच शरीरक्रिया, भौतिकी आणि संख्याशास्त्र एकत्र शिकवलं तर मुलं सगळीकडे उथळच राहणार.

या पक्षाच्या बाजूनं ताकुओ आओयागी यांचा दाखला देता येईल. ते जपानी विद्युत अभियंता. कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून हृदय किती रक्त फेकतं ते मोजण्याच्या खटपटीत होते. नाडीच्या ठोक्यांनी मापन सारखं बिघडे. तो अडथळा काढता काढता त्यांच्या ध्यानात आलं, की ऑक्सिजन मोजायची किल्ली त्या ठोक्यातच आहे. १९७४ साली पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व पुढं आलं. एकाच विषयात मुरलेला माणूस, हे खरं. पण ठोका म्हणजे धमनीत आलेलं ताजं रक्त, हे विजेच्या पुस्तकात नसतं. ते त्यांना नोकरीत राहून कमवावं लागलं. ते विद्यार्थ्याला विसाव्या वर्षी मिळालं, तर उथळपणा कसा?

करोनात आपण सगळ्यांनी पल्स ऑक्सिमीटरची ती क्लिप बोटाला लावली. तिच्यातून ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा अवरक्त प्रकाश जातो. दोन्ही किती शोषले गेले याच्या गुणोत्तरावरून टक्केवारी ठरते, आणि ती ज्या तक्त्यातून येते तो निरोगी स्वयंसेवकांवर तयार केलेला असतो. २०२० मध्ये अमेरिकेत दिसलं, की कृष्णवर्णीय रुग्णांत ऑक्सिजन घटल्याचं या यंत्राच्या नजरेतून सुटण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आहे. चूक कुणाची? प्रकाशाचं गणित बरोबर, डॉक्टरांनी आकडाही बरोबरच वाचला. खोट सांध्यात होती: त्वचेतलं मेलॅनिन आणि तक्त्यासाठी निवडलेली माणसं. सावळ्या बोटांच्या देशात हा प्रश्न आपला आहे, आणि तो एका विभागाच्या चौकटीत मावत नाही.

जिथं तीन विभाग आपापले तास उसने देतात आणि एकही प्रश्न सामाईक नसतो, तिथं आक्षेप खरा ठरतो, हे मी मान्य करतो. पण ते खापर वेळापत्रकाच्या माथी फोडा. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला वर्गातल्या गोऱ्या-सावळ्या बोटांना एकच क्लिप लावा, आकडे वहीत उतरवू द्या, आणि प्रत्येक आकडा कुठून आला ते मुलांनाच शोधून काढू द्या.