न विझणाऱ्या दगडाची धूळ

पॅरिस शहरात सीन नदीच्या डाव्या तीरावर पूर्वी मद्याची मोठी बाजारपेठ होती. त्याच जागी १९६० नंतरच्या दशकात झ्युस्यो हे विशाल विद्यापीठ-संकुल उभे राहिले. त्याच्या इमारतींचा सांगाडा पोलादी होता आणि आगीत पोलाद वाकते; म्हणून त्यावर ॲस्बेस्टॉसचा थर फवारण्यात आला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'न विझणारा'. अग्नीला दाद न देणारे हे खनिज तंतू इमारतीचे रक्षक मानले गेले.

परंतु हा रक्षकच भक्षक होता, आणि ही गोष्ट अज्ञात नव्हती. त्याची धूळ कामगारांची फुप्फुसे निकामी करते, हे इंग्लंडमधील सरकारी अहवालाने १९३० मध्येच दाखविले होते. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसावरील आवरणाच्या कर्करोगाशी तिचा संबंध उघड केला. तरीही फवारणी चालूच राहिली.

पुढे झ्युस्योच्या छतांतून तंतू गळू लागले. तेथीलच संशोधक आंरी पेझरा व त्यांचे सहकारी १९७० नंतरच्या दशकात याविरुद्ध उभे राहिले. फ्रान्समध्ये फवारणी थांबली. पण फवारलेला थर जागीच राहिला. अखेर १४ जुलै १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी घोषणा केली, की वर्षअखेर झ्युस्योत एकही विद्यार्थी राहणार नाही. १ जानेवारी १९९७ पासून देशात ॲस्बेस्टॉसवर बंदी आली. झ्युस्योचे काम मात्र २०१६ मध्ये पुरे झाले!

एवढा विलंब का व्हावा? विद्यापीठाचे अध्यापन न थांबविता एकेक भाग रिकामा करावा लागे. मग तो प्लॅस्टिकच्या पडद्यांनी बंद करून, आतील हवा गाळणीयुक्त पंख्यांनी सतत बाहेर खेचावयाची, म्हणजे फटींतून हवा आत येते, बाहेर जात नाही. थर भिजवून खरवडावयाचा, दुहेरी पिशव्यांत बांधावयाचा. कामगारांनी विशेष मुखवटे घालावयाचे व बाहेर पडताना स्नान करावयाचे. शेवटी हवा तपासून, ती निर्धोक ठरल्यावरच पडदे काढावयाचे.

भारतातील असंख्य छपरांवर सिमेंटचे पत्रे म्हणून हाच पदार्थ आहे. अखंड पत्र्यात तंतू सिमेंटने जखडलेले असतात. पत्रा फोडला, करवतला वा कोरडा घासला, की ते मोकळे होतात. म्हणून तो उतरवावयाचा झाल्यास जाणकारांकडून, भिजवून व न मोडता उतरवावा. जे घालण्यास सोपे होते, ते काढण्यास झ्युस्योला वीस वर्षे लागली.