ताडोबाच्या टाक्या

दिवाळीला सगळे जमलो होतो तेव्हा भाच्याने हेमलकशाच्या सहलीचे फोटो दाखवले. बिबट्या झाला, अस्वल झालं, आणि मग हौदाच्या काठावर आ वासून पडलेली मगर. "मामा, ही अशी का बसते? आणि हिला सोडून का देत नाहीत? नदी तर तिथंच आहे!"

पहिल्याचं उत्तर सोपं. अंग तापलं की मगर तोंड उघडून ते निववते. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला एकदम लहानपणीच्या ताडोबात नेलं.

आम्ही चंद्रपूरचे. पौषात ताडोबाच्या तळ्याकाठी तारूची जत्रा भरायची. गोंड लोकांचा हा देव, त्याच्यावरूनच ताडोबा हे नाव पडलं. एकदा काकांबरोबर गेलो असताना तिथल्या मगर पालन केंद्राच्या टाक्या पाहिल्या. टाकीत हातभर लांबीची पिल्लं, एकमेकांवर रचल्यासारखी. मला वाटलं, सर्कशीत नेणार असतील! काका म्हणाले, "मोठी करून सोडायची आहेत." हे वाक्य तेव्हा अगदी खरं होतं.

कातड्यासाठी मगरी इतक्या मारल्या गेल्या होत्या की १९७२च्या वन्यजीव कायद्याने नुसतं संरक्षण देऊन भागणार नव्हतं. म्हणून १९७५ साली केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला. ओडिशातलं टिकरपाडा, तमिळनाडूतल्या काही जागा, आणि आपलं ताडोबा. कल्पना साधी होती. रानात घोरपडी, कोल्हे, रानडुकरं अंडी फस्त करतात, जी पिल्लं निघतात त्यातलीही फार थोडी जगतात. तेव्हा अंडी आपण उबवायची, पिल्लं मीटरभर वाढवायची आणि मग पाण्यात सोडायची.

साधी म्हटलं खरं, पण काम फार नाजूक. कोंबडी अंडी फिरवते, मगरीचं अंडं फिरवलं तर आतला जीव मरतो. म्हणून घरट्यातून उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची आणि ते तसंच्या तसं ठेवायचं. तापमानावर पुन्हा नर की मादी हे ठरतं! साधारण ३२-३३ अंशांच्या आसपास नर, त्याहून थंड राहिलं तर माद्याच माद्या. दिवस भरले की पिल्लं अंड्यातूनच ओरडायला लागतात. रानात तो आवाज ऐकून आई घरटं उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. (नक्राश्रू हा शब्द ज्याने काढला त्याने हे पाहिलं नसावं.) केंद्रात आईचं हे काम रखवालदाराकडे. आवाज आला की उकरायचं.

पुढे खाणं. नुसतं मांस घातलं तर हाडं ठिसूळ होतात, म्हणून अख्खे छोटे मासे हवेत. मोठी पिल्लं लहानांना चावतात, त्यामुळे आकाराप्रमाणे सतत टाक्या बदलायच्या. थंडी पडली की खाणं जवळजवळ बंद, कारण अंग गार असलं तर पोटातलं पचत नाही. नवख्या माणसाला वाटणार, आजारी पडली! जाणता माणूस उन्हाची वाट बघतो.

हे सगळं जमलं. जरा जास्तच जमलं. देशभरातल्या केंद्रांत मगरी हजारोंनी झाल्या आणि नव्वदीच्या दशकात लक्षात आलं की सोडायला सुरक्षित पाणीच उरलेलं नाही. धरणं झाली, काठाला शेती आली, माणसं आली. मग अंडी गोळा करणं आणि पैदास थांबवायला सांगण्यात आलं. एक जात वाचवण्यासाठी जन्माला घातलेले हे जीव, जात वाचल्यावर टाकीतच राहिले. याचा दोष कुणाला द्यावा? मला तरी देता येत नाही. १९७५ साली असं होईल म्हणून कुणी मगरी मरू दिल्या असत्या तर आज आपण त्यांना काय म्हटलं असतं?

हेमलकशाची गोष्ट वेगळी. बाबा आमट्यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता, तो झाला १९८२ला. डॉ. प्रकाश आमट्यांनी शिकारीत आई गमावलेलं माकडाचं पिल्लू माडियांकडून मागून आणलं आणि त्यातून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. तिथे पैदास हा हेतू नव्हताच, आलेल्याला सांभाळायचं एवढंच. पण सांभाळलेल्याला सोडणं इथेही तितकंच अवघड.

भाच्याला एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "माणसाने भरवलेली मगर माणूस दिसला की खायला मिळणार म्हणून जवळ येते. उद्या ती एखाद्या घाटावर कपडे धुणाऱ्या बाईजवळ गेली तर?" सांगलीची कृष्णा, चिपळूणची वाशिष्ठी त्याला बातम्यांमुळे ठाऊक होत्या, त्यामुळे पटलं. थोडा वेळ गप्प बसला.

"मग किती वर्षं राहणार ती तिथे?"

"चाळीस-पन्नास वर्षं सहज जगतात."

त्याने फोटो मोठा करून पाहिला. हौदाच्या कडेला, जाळीबाहेर, बादली घेऊन कुणीतरी उभं होतं. "हे काका तर तोवर म्हातारे होतील," तो म्हणाला.