नवरात्राची साफसफाई : अ‍ॅसिड न आणता, कमी खर्चात घर कसं स्वच्छ कराल?

घट बसायला आठ-दहा दिवस राहिले की गावागावांत घरं अंगणात येतात. गोधड्या ओढ्यावर किंवा बोअरवर, डब्या-भांड्यांचा ढीग ओट्यावर, ट्रंका-पेट्या उन्हात. नेमक्या याच दिवसांत आठवडी बाजारात आणि गल्लीत फिरणाऱ्या गाडीवर सुटं अ‍ॅसिड आणि फिनेल जोरात खपतं. बाटली बहुतेक वेळा कोल्ड्रिंकची जुनी, वर ना नाव ना सूचना. स्वस्त मिळतं म्हणून घेतलं जातं. पण हे अ‍ॅसिड फरशी खातं, संडासाच्या खड्ड्यातले कामाचे जंतू मारतं आणि घरात लहान पोर असेल तर ती बाटली म्हणजे मोठा धोका असतो. शिवाय घरातल्या बहुतेक मळाला अ‍ॅसिडची गरजच नसते. गरज असते ती मळ कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्याची.

आंबट कशाला, सोडा कशाला

घरातला मळ मुख्यतः दोन प्रकारचा. एक पाण्याचा. बोअरचं पाणी जड असेल तर नळावर, बादलीवर, बाथरूमच्या टाइल्सवर, चहाच्या पातेल्यात पांढरा थर चढतो. हा क्षार आंबटाने विरघळतो, साबणाने नाही. म्हणून साबण लावून तासभर घासलं तरी बादली पांढरीच राहते. दुसरा मळ तेलकट. गॅसची शेगडी, शेगडीमागची भिंत, मसाल्याचे डबे, पंख्याची पाती, चुलीवरचं छप्पर यांवर बसतो तो तेल, धूर आणि धुळीचा चिकट थर. त्याला आंबट चालत नाही, तिथे सोडा लागतो.

एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा खर्च वाचतो. मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत मात्र लिंबू किंवा व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र टाकून फेस दाखवतात. फेस छान दिसतो, पण त्यात आंबट आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. दोन्ही वाया. आधी एक वापरायचं, धुऊन काढायचं, लागलं तरच दुसरं.

क्षारासाठी लिंबूसत्व

किराणा दुकानात लिंबूसत्व किंवा लिंबूफूल म्हणून पांढरे दाणे मिळतात, तेच सायट्रिक अ‍ॅसिड. सरबतात घालतात तेच. तालुक्याच्या बाजारात सुटं मिळतं आणि पाव किलो आणलं तर घराला बरेच महिने पुरतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवायचे. नळाला थर असेल तर या पाण्यात भिजवलेलं फडकं नळाभोवती गुंडाळून तासभर ठेवायचं, मग घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीने किंवा जुन्या टूथब्रशने घासायचं. बादलीत ओतून तसंच ठेवलं तर थर सुटतो. चहाच्या पातेल्यात हेच पाणी पाच मिनिटं उकळलं की आतला पांढरा थर निघतो. लिंबूसत्व नसेल तर पिळून झालेल्या लिंबांची सालं उकळायची, चिंचेचा कोळही चालतो, फक्त वेळ जास्त लागतो.

आतून काळा पडलेला अ‍ॅल्युमिनियमचा कुकरही याच पद्धतीने उजळतो. चिंच किंवा लिंबाची सालं घालून पाणी उकळायचं, थंड झालं की घासून धुवायचं. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच-मीठ लावायची पद्धत सगळ्यांना माहीतच आहे. त्यात एकच चूक होते. चिंच लावून भांडी तशीच ठेवली जातात. लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडी पुसली नाहीत तर ती लवकर डागाळतात, हिरवटही पडतात.

फरशी कोणती, ते आधी बघा

इथे सर्वात जास्त नुकसान होतं. गावाकडच्या बहुतेक जुन्या घरांत शहाबादी फरशी आहे, ओट्यावर काळा कडप्पा आहे. हे दोन्ही दगड चुनखडीचे. अ‍ॅसिड पडलं की दगडच विरघळतो. पहिल्या दिवशी फरशी उजळल्यासारखी वाटते, कारण वरचा मळकट थर दगडासकट गेलेला असतो. मग ती खरखरीत होते, खरखरीत झाली की मळ जास्त धरते, आणि पुढच्या वर्षी आणखी अ‍ॅसिड लागतं. कडप्प्यावर लिंबाचा रस सांडून राहिला तरी फिकट डाग उमटतो तो याचमुळे. संगमरवराचंही तेच. देवघरात संगमरवर असेल तर आंबट काहीही दूर ठेवावं.

आपली फरशी कोणती हे कळत नसेल तर कपाटामागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. पुसल्यावर निस्तेज ठिपका राहिला तर त्या फरशीला आंबट लावायचं नाही. शहाबादीला कोमट पाणी, थोडी साबणाची पावडर आणि काथ्याचा ब्रश पुरे. हट्टी डाग असेल तर धुण्याच्या सोड्याचं पाणी दहा मिनिटं ठेवून घासायचं. चकचकीत टाइल्सना लिंबूसत्व चालतं, पण दोन टाइल्सच्या मधला सिमेंटचा जोड आंबटाने हळूहळू झिजतो. म्हणून लावून विसरून जायचं नाही, पाच-दहा मिनिटांत धुवायचं.

तेलकट थराला धुण्याचा सोडा

खाण्याचा सोडा वेगळा, धुण्याचा सोडा वेगळा. धुण्याचा सोडा जास्त तीव्र आणि त्याच कामाला स्वस्त. लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे टाकून त्यात शेगडीचे बर्नर, जाळ्या, मसाल्याचे स्टीलचे डबे अर्धा तास बुडवून ठेवा. चिकट थर बोटाने सुटायला लागतो. पण अ‍ॅल्युमिनियमला हा सोडा लावू नये, भांडं काळं पडतं आणि झिजतं. बर्नरही अ‍ॅल्युमिनियमचे असतील तर साबण आणि कोमट पाण्यावर भागवा. ऑइलपेंटच्या भिंतीचा रंगही हा सोडा उतरवू शकतो. हाताची कातडी कोरडी पडते, म्हणून हातमोजे नसतील तर दुधाच्या पिशव्या हाताला बांधून काम करावं.

फ्रीज, मिक्सर, पोरांचे टिफिन यांना खाण्याचा सोडा बरा. ओल्या फडक्यावर चिमूटभर घेऊन पुसलं की वासही जातो.

घरातली सर्वात घाण वस्तू बहुतेक वेळा ओट्यावरचं फडकंच असतं, आणि त्यानेच सगळं पुसलं जातं. ही फडकी आठवड्यातून दोनदा चमचाभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकळून कडक उन्हात वाळवावीत. पातेलं मात्र स्टीलचं घ्या.

मोरीत पाणी तुंबत असेल तर सोड्याचं गरम पाणी हळूहळू ओतायचं. उकळतं नको. प्लास्टिकचा पाइप उकळत्या पाण्याने मऊ पडून वाकतो, जोड सुटतो.

राख आणि रिठा

राखेने भांडी निघतात ती दोन कारणांनी. लाकडाच्या राखेत क्षार असतो, तो तेल धरतो, आणि बारीक कण घासायचं काम करतात. अजूनही चूल पेटते त्या घरात यापेक्षा स्वस्त काही नाही. पण आता चुलीत गुटख्याच्या पुड्या, प्लास्टिकच्या पिशव्याही पेटवायला टाकल्या जातात. तसली राख भांड्याला लावू नये. नॉनस्टिक तवा आणि काच यांनाही राख नको, ओरखडे पडतात.

रिठा बाजारात सुकलेला मिळतो. दहा-बारा रिठे फोडून बिया काढायच्या, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी पंधरा मिनिटं उकळून कुस्करून गाळायचे. फेस कमी येतो, म्हणून लोकांना पटत नाही, पण मळ निघतो. लोकरीचे स्वेटर, रेशमी साडी, पैठणी यांना तर पावडरपेक्षा रिठाच बरा. हे पाणी तीन-चार दिवसांतच खराब होतं, तेवढंच करावं. डोळ्यात गेलं तर फार चुरचुरतं.

सालांचं ‘बायोएन्झाइम’ हा अलीकडचा प्रकार बचत गटांतही पोचला आहे. एक वाटी गूळ, तीन वाट्या लिंबा-संत्र्याची सालं, दहा वाट्या पाणी, आणि तीन महिने धीर. प्लास्टिकच्या बरणीतच करावं, काचेची नको, कारण आत गॅस धरतो. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस काढावा लागतो. तयार झालेलं पाणी आंबट असतं, त्यामुळे टाइल्स, बेसिन पुसायला चालतं, शहाबादीला नाही. मात्र याने सगळे जंतू मरतात असा प्रचार होतो, त्यावर भरवसा ठेवू नये.

संडासाचा खड्डा जिवंत असतो

गावोगावी दोन खड्ड्यांची शौचालयं झाली आहेत. त्या खड्ड्यात मैला कुजून खत होतं ते जंतूंमुळे. सेप्टिक टाकीचंही काम तसंच. वरून सतत अ‍ॅसिड आणि फिनेल ओतलं की हे जंतू मरतात, मैला कुजत नाही, वास सुटतो, खड्डा लवकर भरतो आणि उपसायचा खर्च अंगावर येतो. रोजच्या सफाईला पाणी, ब्रश आणि चिमूटभर साबण पुरे. भांड्यात पिवळा थर बसला असेल तर आतलं पाणी ब्रशने पुढे ढकलून रात्री दोन-तीन चमचे लिंबूसत्व थरावर टाकायचं आणि सकाळी घासायचं. एकदा निघालं नाही तर दोन-तीन रात्री करायचं.

भिंती, माठ, गाद्या

ओल धरलेल्या भिंतीवरची बुरशी कोरड्या झाडूने झाडू नये, ती हवेत उडून नाकात जाते. ओल्या फडक्याने पुसून काढायची आणि भिंत वाळली की चुना मारायचा. चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. चुनकळी भिजवताना पाणी खदखदतं, तेव्हा पोरांना लांब ठेवा आणि डोळे जपा. मात्र छप्पर गळत असेल तर आधी ते, मग चुना.

माठ-रांजणाला साबण लावू नये, माती साबण शोषते आणि मग पाण्याला वास येतो. खडेमीठ आणि काथ्याने घासून गरम पाण्याने धुवायचं. गाद्या-गोधड्यांना उन्हासारखं औषध नाही, पण सकाळपासून दुपारपर्यंत, दोन्ही बाजू उलटून.

शेणाने सारवलेली जमीन धूळ धरून ठेवते, गार राहते, हे खरं. ती जंतू मारते असं समजू नये. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. घरात बाळंतीण, तान्हं मूल किंवा जखम झालेला माणूस असेल तर त्या खोलीत सारवण टाळावं.

तीव्र औषध कधी लागतंच

घरात हगवण-उलटीचा आजारी असेल तर लिंबू-सोड्यावर भागत नाही. तिथे ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्यात टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर कामाची. आधी साबणाने जागा धुवायची, कारण घाणीवर पावडरचा जोर संपतो. मग लिटरभर पाण्यात तीन सपाट लहान चमचे, साधारण 15 ग्रॅम, ताजी पावडर मिसळून ते पाणी फरशीवर, संडासात दहा-पंधरा मिनिटं राहू द्यायचं. उघड्या पुड्यातली जुनी पावडर निकामी होते. स्टीलवर हे पाणी राहू देऊ नये, गंज चढतो.

आणि ही पावडर संडासाच्या अ‍ॅसिडमध्ये, लिंबूसत्वात किंवा व्हिनेगरमध्ये कधीही मिसळायची नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. दार लावून बाथरूम घासणाऱ्या बाईला तो क्षणात गुदमरवतो, छातीत जळजळ होते, फुप्फुसाला इजा होते. ‘दोन्ही टाकलं की जास्त साफ होतं’ म्हणून हे घडतं. वास तिखट लागला की सगळं टाकून आधी बाहेर मोकळ्या हवेत यायचं.

घरात आधीच अ‍ॅसिड किंवा फिनेल असेल तर ते पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका. कुलपात किंवा पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, मूळ बाटलीतच ठेवा. कातडीवर किंवा डोळ्यात उडालं तर निदान पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरायची आणि डोळा असेल तर लगेच डॉक्टर. कुणाच्या पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करायला लावू नका, वर येताना ते अन्ननलिका पुन्हा जाळतं. तोंड धुवा, 108 ला फोन लावा आणि दवाखान्यात जाताना ती बाटली सोबत न्या, म्हणजे आत काय होतं ते डॉक्टरांना लगेच कळेल.