२१४७४८३६४७ (संख्या)

२१४७४८३६४७ (दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस) ही दहा अंकी विषम नैसर्गिक संख्या असून ती २^३१ − १ इतकी, म्हणजे २ च्या ३१ व्या घातापेक्षा एकने लहान आहे. ती मूळ संख्या आहे. बत्तीस बिटांच्या संगणकीय पूर्णांकाची कमाल मर्यादा म्हणूनही ती ओळखली जाते.

वर्गीकरण

* मर्सेन मूळ संख्या : २ च्या घातापेक्षा एकने लहान असलेल्या मूळ संख्यांपैकी ही आठवी.
* दुहेरी मर्सेन मूळ संख्या : ३१ हा घातांक स्वतः मर्सेन मूळ संख्या (२^५ − १) आहे. अशा केवळ चार संख्या ज्ञात आहेत.
* परिपूर्ण संख्येशी संबंध : हिला २^३० ने गुणले असता २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते.
* ही जुळी मूळ संख्या नाही. २१४७४८३६४५ ला ५ ने, तर २१४७४८३६४९ ला ३ ने भाग जातो.
* द्विमान पद्धतीत ही संख्या सलग ३१ वेळा १ लिहून दर्शवतात.

इतिहास

मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये दिलेल्या घातांकांच्या यादीत ३१ चा समावेश होता. मात्र त्याच यादीतील ६७ व २५७ पुढे चुकीचे ठरले. २^३१ − १ ही संख्या मूळ असल्याचे लिओनार्ड ऑयलर यांनी सिद्ध केले व १७७२ मध्ये बर्नुली यांना पत्राने कळवले. या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० हून किंचित अधिक असल्याने तेथपर्यंतच्या सुमारे ४,८०० मूळ संख्यांनी भागून पाहणे आवश्यक ठरले असते. परंतु तिचा कोणताही मूळ विभाजक २४८न + १ किंवा २४८न + ६३ याच रूपाचा असू शकतो, हे ऑयलर यांनी दाखवले. त्यामुळे शंभराहून कमी भागाकार पुरेसे ठरले.

१८११ मध्ये पीटर बार्लो यांनी असे मत मांडले, की अशा संख्या केवळ कुतूहलाच्या, निरुपयोगी असल्याने याहून मोठी संख्या शोधण्याचा प्रयत्न कोणी करणार नाही. १८७६ मध्ये एदुआर लुका यांनी २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले.

संगणनातील महत्त्व

बत्तीस बिटांपैकी एक बिट धन-ऋण चिन्हासाठी वापरल्यास उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच होय. तीत १ मिळवल्यास अनेक प्रणालींत उत्तर −२१४७४८३६४८ असे येते. २०१४ मध्ये यूट्यूबवरील ‘गंगनम स्टाइल’ या चित्रफितीची दर्शनसंख्या या मर्यादेजवळ पोहोचल्यावर गणकाची क्षमता ६४ बिटांपर्यंत वाढवण्यात आली.

युनिक्स प्रणालीत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजली जाते. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मोजणी २१४७४८३६४७ वर पोहोचेल. त्यापुढील सेकंदाला बत्तीस बिटी प्रणाली डिसेंबर १९०१ मधील तारीख दाखवू शकतात. चौसष्ट बिटांचा वापर हा यावरील प्रमुख उपाय असून त्यामुळे ही मर्यादा सुमारे २९२ अब्ज वर्षे पुढे जाते. जुन्या उपकरणांत मात्र हा बदल २०३८ पूर्वी होणे आवश्यक आहे.