बालकांतील मेरुरज्जुशोथ आणि हालचालींची पुनर्प्राप्ती

मेरुरज्जुशोथ हा मेरुरज्जूला आतून दाहयुक्त सूज आल्यामुळे उद्भवणारा विकार आहे. सूज रज्जूच्या रुंदीत आडवी पसरत असल्याने वैद्यकात त्याला ट्रान्सव्हर्स मायलायटिस असे नाव रूढ झाले. हा आजार दुर्मीळ असून दरवर्षी दहा लाख लोकांमागे एक ते चार नवे रुग्ण आढळतात. एकूण रुग्णांपैकी सुमारे एक पंचमांश अठरा वर्षांखालील असतात. मुलांमध्ये तो प्रामुख्याने तीन वर्षांखालील बालके आणि पाच वर्षांपुढील शाळकरी मुले अशा दोन गटांत दिसतो. कालपर्यंत धावणारे मूल एक-दोन दिवसांत अंथरुणाला खिळते. त्यामुळे ते पुन्हा चालेल काय, आणि कधी, हाच पालकांचा पहिला प्रश्न असतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

== कारणे व स्वरूप ==

बहुसंख्य मुलांमध्ये आजारापूर्वी काही दिवस वा आठवडे सर्दी, ताप किंवा जुलाब यांसारखा साधा संसर्ग होऊन गेलेला असतो. त्या संसर्गाविरुद्ध चेतलेली रोगप्रतिकार यंत्रणा चुकून स्वतःच्याच मेरुरज्जूवर हल्ला करते, असे मानले जाते. चेतातंतूंवरील मायलिन या आवरणाची हानी होते आणि हानी तीव्र असल्यास आतील अक्षतंतूही तुटतात. पुढील सुधारणा किती होणार, हे बरेचसे या दुसऱ्या गोष्टीवर ठरते.

भारतात या विकाराचा एक जुना संदर्भ आहे. कुत्रा चावल्यावर पोटात टोचल्या जाणाऱ्या इंजेक्शनांची आठवण मागच्या पिढीत अजून ताजी आहे. डेव्हिड सेंपल यांनी कसौली येथे विकसित केलेली ती लस प्राण्यांच्या मेंदूच्या ऊतींपासून बनवली जाई. त्या ऊतींमुळे काही जणांना मेंदूचा व मेरुरज्जूचा शोथ होऊन अंगघात होत असे. तिचे उत्पादन भारतात डिसेंबर २००४ मध्ये थांबले. आजची रेबीज लस पेशीसंवर्धनातून तयार होते. जुन्या लसीची भीती मनात धरून ती टाळणे सर्वथा अनुचित आहे, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

== लक्षणे व निदान ==

पाठदुखी, पायांतील अशक्तपणा, शरीराच्या एका ठराविक पातळीखाली बधिरता आणि लघवी अडणे ही प्रमुख लक्षणे होत. लहान बालक बधिरता सांगू शकत नाही. ते केवळ उभे राहण्यास नकार देते, रडते, आणि पडल्यामुळे मुका मार लागला असावा असा घरच्यांचा समज होतो. आजार चार तासांपासून एकवीस दिवसांपर्यंतच्या काळात शिखर गाठतो. निदानासाठी पाठीच्या कण्याचा एम. आर. आय. तातडीने करतात. गाठ, गळू किंवा मणक्याचा दाब यांमुळे रज्जू चेपला गेलेला नाही ना, हे त्यातून सर्वप्रथम पाहिले जाते, कारण तसे असल्यास शस्त्रक्रियेला विलंब चालत नाही. त्यानंतर पाठीतील पाण्याची तपासणी आणि रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्या होतात.

पंधरा वर्षांखालील मुलाला अचानक लुळेपणा आल्यास त्याची नोंद पोलिओ सर्वेक्षणात करावी लागते. चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने, लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, घेतले जातात आणि साठ दिवसांनी पुन्हा तपासणी होते. भारतातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त प्रमाणित झाला, तरी हे सर्वेक्षण चालूच आहे. नमुना मागितला म्हणजे मुलाला पोलिओ झाला, असा अर्थ पालकांनी काढू नये. पोलिओत संवेदना शाबूत राहतात आणि लुळेपणा बहुधा एका बाजूस अधिक असतो, तर मेरुरज्जुशोथात संवेदना व मूत्राशय दोन्ही बाधित होतात.

== तीव्र अवस्थेतील उपचार ==

मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड मोठ्या मात्रेत, सामान्यतः तीन ते पाच दिवस, शिरेतून दिले जाते. त्याने पुरेसा गुण न आल्यास प्लाझ्मा विनिमय किंवा इम्युनोग्लोब्युलिन यांचा अवलंब करतात. हे उपचार दाह शमवतात; तुटलेले अक्षतंतू ते जोडू शकत नाहीत.

== हालचालींची पुनर्प्राप्ती ==

आरंभी पाय पूर्णपणे शिथिल असतात. काही दिवसांनी वा आठवड्यांनी स्नायूंत ताठरपणा येऊ लागतो आणि पाय आपोआप झटके देतात. या झटक्यांना पालक पुष्कळदा सुधारणा समजतात. वास्तविक तो मेंदूचे नियंत्रण सुटल्याचा परिणाम असतो. खरी सुधारणा म्हणजे मुलाने ठरवून केलेली हालचाल, मग ती अंगठ्याची किंचित हालचाल का असेना.

अशी सुधारणा सामान्यतः पहिल्या एक ते तीन महिन्यांत सुरू होते. पहिल्या सहा महिन्यांत तिचा वेग सर्वाधिक असतो, आणि नंतर मंदावली तरी दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ती चालू राहू शकते. सूज ओसरणे, मायलिन पुन्हा तयार होणे आणि वाचलेल्या चेतामार्गांनी नवे काम उचलणे या तीन प्रक्रियांतून ती घडते. तिसऱ्या प्रक्रियेला सरावाची जोड लागते, आणि भौतिकोपचाराचे महत्त्व येथेच आहे.

प्रौढांच्या तुलनेत मुलांचे भवितव्य बरे असते; जवळपास निम्मी मुले पूर्णतः किंवा बव्हंशी बरी होतात. तथापि हे चित्र सर्वत्र सारखे नाही. २००७ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ४७ मुलांच्या अभ्यासात तीन वर्षांहून अधिक काळानंतरही सुमारे ४० टक्के मुले चालू शकत नव्हती आणि निम्म्या मुलांना लघवीसाठी नळीची गरज होती. हा अभ्यास विशेषज्ञ केंद्रातील होता आणि अशा केंद्रांकडे अधिक गंभीर रुग्ण येतात, हे आकडे वाचताना ध्यानात घ्यावे. आजाराच्या वेळी वय अधिक असणे, निदान लवकर होणे, बाधित पातळी खाली असणे आणि रज्जूचा थोडाच भाग बाधित होणे या गोष्टी अनुकूल ठरल्या. अगदी लहान बालके लवकर सावरतात ही समजूत या आजारापुरती तरी खरी नाही.

याच्याशी साम्य असलेला तीव्र शिथिल मेरुरज्जुशोथ मात्र वेगळा धरतात. अमेरिकेत २०१४, २०१६ आणि २०१८ साली त्याच्या लाटा आल्या व त्यांचा संबंध एंटेरोव्हायरस डी-६८ या विषाणूशी जोडला गेला. त्यात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशीच नष्ट होत असल्याने अनेक मुलांमध्ये कायमची दुर्बलता उरते.

== पुनर्वसन ==

भौतिकोपचार रुग्णालयातच सुरू होतो. सांधे आखडू नयेत म्हणून ते दिवसातून अनेकदा हलवणे आणि शय्याव्रण टाळण्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलणे, ही कामे घरचे लोक शिकू शकतात व शेवटी त्यांनाच ती करावी लागतात. पुढे बसण्याचा तोल, आधाराने उभे राहणे, कॅलिपर व वॉकर अशी क्रमवार प्रगती होते. मूल वाढत असल्याने कॅलिपर वरचेवर बदलावे लागतात. आखूड झालेले कॅलिपर वापरत राहिल्यास चाल बिघडते. दुर्बलता टिकल्यास वाढीच्या वयात कण्याला बाक येण्याचा व खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका असतो. म्हणून दोन-तीन वर्षांनी सुधारणा थांबली तरी तपासण्या थांबवता येत नाहीत. मुंबईत हाजीअली येथे १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था या क्षेत्रातील केंद्र सरकारची संस्था आहे.

पाय सावरल्यावरही मूत्राशयाचा त्रास पुष्कळदा उरतो. तुंबलेली लघवी मूत्रपिंडांना इजा करते. अमेरिकन मूत्रविकारतज्ज्ञ जॅक लॅपिडिस यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी स्वच्छ हातांनी, ठराविक वेळाने नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत रूढ केली. निर्जंतुक साधनांचा आग्रह त्यांनी सोडला, त्यामुळे हे काम रुग्णालयाबाहेर घरी करता येऊ लागले. सात-आठ वर्षांचे मूल ते स्वतः शिकू शकते.

== शिक्षण ==

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा अधिकार आहे. शाळेत परतताना उतरत्या फरशीइतकीच, किंबहुना अधिक, आवश्यकता असते ती आतून कडी लागणाऱ्या, पाणी असलेल्या स्वच्छतागृहाची. कारण अशा मुलाला दर तीन-चार तासांनी नळी वापरावी लागते. सोय नसल्यास मूल दिवसभर पाणी पिणेच टाळते आणि वारंवार मूत्रसंसर्ग होऊन शाळा बुडते. वर्ग तळमजल्यावर घेणे आणि मधल्या सुट्टीव्यतिरिक्त बाहेर जाण्याची मुभा देणे, या दोन्ही गोष्टी मुख्याध्यापकांच्या अखत्यारीतील असून त्यांना वेगळा खर्च येत नाही.