पानासाठी फुलाकडे

पावसाच्या तोंडावर शेवळं निवडणाऱ्या कुणालाही या पुस्तकातली पहिली आकृती ओळखीची वाटेल. बाहेरचे आवरण म्हणजे महाछद, आणि खाजेच्या भीतीने आपण टाकून देतो तो पिवळा दाणेदार भाग म्हणजे नरफुलांचा पट्टा. शेवळाच्या सुरण कुळातल्याच अ‍ॅग्लोनेमा आणि डिफेनबॅकिया या पानांसाठी कुंडीत लावल्या जाणाऱ्या शोभेच्या झाडांचा फुलोराही याच धर्तीचा असतो.

गिऱ्हाईक पान पाहून कुंडी उचलते. नवा वाण घडवणाऱ्याला मात्र त्या पानापर्यंत या दुर्लक्षित फुलोऱ्यातूनच जावे लागते. पहिली अडचण वेळेची. तळाची मादीफुले आधी तयार होतात. वरचे पराग सुटतात तोवर त्यांचा काळ सरलेला असतो. म्हणून पराग दुसऱ्या फुलोऱ्यातून आणावा लागतो, आणि ही झाडे तर आपल्या मर्जीने फुलतात. फ्लॉरिडातील अपॉप्का येथे संशोधक आर. जे. हेनी यांनी जिबरेलिक आम्ल फवारून हवे तेव्हा फुलोरे आणले आणि संकराचे वेळापत्रक माणसाच्या हाती आले. डिफेनबॅकियाचे पराग रुजायला हवा दमट लागते. त्यासाठी परागण झालेल्या फुलोऱ्याभोवती ओला कागद आणि प्लॅस्टिकची पिशवी पुरते.

पुढचे कोडे आनुवंशिकतेचे. डिफेनबॅकियाच्या पानावरची नक्षी एका प्रभावी जनुकावर चालते, असे हेनी यांना आढळले. त्यामुळे हिरव्या झाडाशी केलेल्या संकरातही निम्मी रोपे नक्षीदार निघू शकतात. रंगाची वाट इंडोनेशियाच्या ग्रेगोरी हंबाली यांनी उघडली. सुमात्राच्या रानातल्या तांबूस छटेच्या अ‍ॅग्लोनेमा रोटुंडमपासून १९८०च्या दशकात त्यांनी ‘प्राइड ऑफ सुमात्रा’ हा लालसर वाण घडवला. आज रोपवाटिकांत दिसणाऱ्या लाल-गुलाबी अ‍ॅग्लोनेमांची परंपरा तिथून सुरू होते.

निवडलेल्या एका रोपाची हजारो रोपे ऊतिसंवर्धनाने होतात. त्यात अधूनमधून वेगळे पान उमटते, तेही तपासण्याजोगे असते. पण दोन जातींचे गुण जाणीवपूर्वक एकत्र आणायचे, तर संकराला पर्याय नाही.

विद्यार्थी, रोपवाटिकाचालक आणि गच्चीवर बाग फुलवणारे हौशी, या सर्वांचे इथे स्वागत आहे. सुरुवातीला एक मऊ कुंचला आणि काही चिठ्ठ्या पुरतील. चिठ्ठीवर आधी मादी-झाडाचे नाव, मग नराचे, आणि खाली तारीख लिहावी. आईबापांची नोंद नसेल, तर सुंदर रोप मिळूनही ते पुन्हा कसे घडवायचे, हे कळणार नाही.